वाचलेले १० टक्के, केलेले ९० टक्के? वर्गातल्या चित्रांचा आणि एका बेवारस आकड्याचा इतिहास

१/
वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, पाहिलेले आणि ऐकलेले ५० टक्के, स्वतः सांगितलेले ७० टक्के आणि प्रत्यक्ष केलेले ९० टक्के. हे कोष्टक आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते: शिक्षक-प्रशिक्षणाच्या सादरीकरणात, शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत किंवा फिरत आलेल्या एखाद्या संदेशात. एका त्रिकोणावर रंगीत पट्टे ओढलेले असतात आणि त्याखाली पुष्कळदा एडगर डेल हे नाव असते. आजचा धागा या आकड्यांच्या वंशावळीचा आहे. त्या निमित्ताने शाळेच्या वर्गात कोणते चित्र दाखवायचे हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवत आले, याचाही.

२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक शिस्त लवकर लावली जाते. कागद हाती आला की आधी बहिरंग परीक्षण: तो कोणी लिहिला, कधी लिहिला, मूळ आहे की नक्कल? मग अंतरंग परीक्षण: आत म्हटले आहे ते संभवनीय आहे का, लिहिणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग होता का? बखरीला आपण हे प्रश्न विचारतो, मोडी पत्राला विचारतो. भिंतीवरच्या शैक्षणिक तक्त्याला मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपण विचारू. परंतु आकड्यांपर्यंत पोचण्यापूर्वी चित्र वर्गात कसे आले, ते पाहिले पाहिजे.

३/
१६५८ साली न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कर्ता होता मोराव्हियाचा शिक्षणचिंतक कोमेनियस. लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी त्याने सुमारे १५० विषय लाकडी ठशांच्या चित्रांतून मांडले. त्याची खरी युक्ती बारीक आहे. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर एक क्रमांक आहे आणि खालच्या मजकुरात त्याच क्रमांकापाशी तिचे नाव आहे. मुलाचे बोट चित्रावरून शब्दावर आणि शब्दावरून चित्रावर जात राहते. चित्र एकटे शिकवील असे कोमेनियसने धरले नाही. कुठे पाहायचे, हे त्याने सांगितले. पुढची साडेतीन शतके ही गोष्ट वारंवार विसरली गेली.

४/
याच सुमारास, १६५९ मध्ये, हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने जादूच्या कंदिलाची रचना केली: दिवा, भिंग आणि काचेवर रंगवलेले चित्र. हा कंदील महाराष्ट्रातही रुजला. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. चित्रांच्या जोडीला निवेदन आणि गाणी असत. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी तर त्याच्याही आधीपासून एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून कथा सांगत आला आहे. दोन्ही ठिकाणी चित्र स्थिर आहे, सांगणारा जिवंत आहे आणि पुढचे चित्र केव्हा काढायचे, हे सांगणाऱ्याच्या हाती आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

५/
मग चलच्चित्र आले आणि भाकितेही आली. १९१३ मध्ये थॉमस एडिसनने एका मुलाखतीत सांगितले, की शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत सारी शालेय व्यवस्था बदलून जाईल. एडिसन स्वतः चित्रपटांच्या व्यवसायात होता, हे बहिरंग परीक्षणात नोंदवलेच पाहिजे. दहा वर्षे गेली, पुस्तके राहिली. अडचणी साध्या होत्या. यंत्र महाग, रीळ महाग, नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही. १६ मिलिमीटरची सुरक्षित फिल्म १९२३ मध्ये आली. तरी पुष्कळ शाळांना रिळे बाहेरच्या संग्रहातून मागवावी लागत. पाठ सोमवारी आणि रीळ पुढच्या महिन्यात, अशी गत होई.

६/
या अडचणींतून एका साध्या साधनाला जागा मिळाली. ते म्हणजे फिल्मपट्टी, अर्थात फिल्मस्ट्रिप. ३५ मिलिमीटर फिल्मचा एक छोटा तुकडा आणि त्यावर एकापुढे एक छापलेली स्थिर चित्रे, साधारण ३० ते ६०. तो गुंडाळून मुठीत मावेल अशा डबीत ठेवता येई. प्रक्षेपकात घालून कळ फिरवली की पुढचे चित्र पडद्यावर येई. चित्राखाली एखाददुसरी ओळ छापलेली असे आणि सोबत शिक्षकासाठी छोटी पुस्तिका. १९१९ मध्ये शिकागोत स्थापन झालेली 'सोसायटी फॉर व्हिज्युअल एज्युकेशन' ही तिच्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी या पट्ट्यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला आणि युद्धानंतर शाळांत त्यांचा सुकाळ झाला.

७/
आज ही पट्टी चित्रपटाची गरीब बहीण वाटते. तिचे सामर्थ्य मात्र तिच्या स्थिरपणात होते. चित्रपट शिक्षकासाठी थांबत नाही. फिल्मपट्टी शिक्षक पुढे नेईपर्यंत जागची हलत नाही. रोमन जलसेतूचे चित्र पडद्यावर आहे आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, 'पाणी वर कसे चढायचे?' शिक्षक तिथेच थांबतो, उतार दाखवतो, फळ्यावर आकृती काढतो, मग पुढे जातो. चित्रकथीच्या हातातला अधिकार येथे शिक्षकाकडे आला होता. पुढे पट्टीसोबत ध्वनिमुद्रिका आणि नंतर कॅसेट आली, 'टिंग' असा आवाज झाला की कळ फिरवायची. त्या आवाजाबरोबर हा अधिकार पुष्कळसा हातातून गेला.

८/
निवडीचा एक सूक्ष्म प्रश्न येथे उद्भवतो. सुट्या स्लाइड आणि फिल्मपट्टी दोन्हींत स्थिर चित्रेच असतात. मग फरक काय? फरक क्रमाचा. स्लाइडचा क्रम शिक्षक लावतो: नको ती काढतो, दोन चित्रे शेजारी ठेवून तुलना करतो. फिल्मपट्टीचा क्रम निर्मात्याने कायमचा छापलेला असतो. त्याच्या बदल्यात पट्टी स्वस्त असते, हरवत नाही, उलटी लागत नाही. इतिहासाच्या पाठात चित्रांचा क्रम म्हणजेच पुष्कळदा कार्यकारणभाव. आधी राजवाडा आणि मग झोपडी, की आधी झोपडी आणि मग राजवाडा? एवढ्या बदलाने पाठाचा अर्थ पालटतो. स्लाइड की पट्टी, असे विचारताना शिक्षक खरे तर कथा कोण रचणार हे ठरवत असे.

९/
म्हणूनच त्या काळातल्या दृक्-श्राव्य शिक्षणाच्या पुस्तकांत निवडीच्या कसोट्यांना मोठी जागा असे. माहिती अचूक आहे का? चित्र या पाठासाठी आहे, की केवळ देखणे आहे? मुलांच्या वयाला झेपते का? अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता येतात का? खोलीत पुरेसा अंधार होतो का? हेच काम फळ्यावरच्या एका रेघेने भागणार नाही ना? आणि सर्वांत महत्त्वाचे: वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः पूर्ण पाहिले आहे का? या यादीत एकही टक्केवारी नाही. तिच्यात फक्त प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे प्रत्येक वर्गापुरती वेगळी येणार आहेत.

१०/
नंतर पैसा आला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळा मागे पडल्याची धास्ती वाटली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने शाळांना साधने घेण्यासाठी निधी दिला. पण तो विज्ञान, गणित आणि आधुनिक परकीय भाषा यांच्यासाठी. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या यादीत आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. कोणत्या विषयाला चित्रे मिळावीत, हे रॉकेटने ठरवले! शाळांच्या कपाटांत प्रक्षेपक आले. यंत्रांची खरेदी एका आदेशाने होते. चित्र पारखणारी नजर तशी विकत आणता येत नाही.

११/
आता आपल्या मूळ कागदाकडे. एडगर डेल (१९०० ते १९८५) हे ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक. चित्रपट कसा पाहावा, हे किशोरवयीन मुलांना शिकवणारे त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये आले होते. १९४६ मध्ये त्यांनी अध्यापनातील दृक्-श्राव्य पद्धतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात 'अनुभवाचा शंकू' मांडला. आपल्याकडे बी.एड. करणाऱ्यांना तो परिचित आहे. तळाशी प्रत्यक्ष हेतुपूर्ण अनुभव. वर प्रतिकृती, नाट्यीकरण, प्रात्यक्षिके, सहली, प्रदर्शने, चित्रपट. त्यावर रेडिओ, ध्वनिमुद्रणे व स्थिर चित्रे. टोकाला दृश्य चिन्हे आणि शब्द. आपली फिल्मपट्टी स्थिर चित्रांच्या थरात बसते.

१२/
हा शंकू काय सांगतो? तळाकडून टोकाकडे जाताना अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे जातो, एवढेच. तळचे श्रेष्ठ आणि वरचे कनिष्ठ, असे डेल म्हणत नाहीत. शंकू ही केवळ एक दृश्य उपमा आहे, तिचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता. त्यामागचा विचार सरळ आहे: 'स्वातंत्र्य' किंवा 'महसूल' या कल्पना शब्दांवाचून कळणारच नाहीत आणि प्रत्येक गोष्ट हाताने करून पाहण्याइतके आयुष्य कोणाजवळ नाही. मूळ शंकूवर एकही आकडा नाही. १९४६ च्या आवृत्तीत नाही, १९५४ च्या नाही, १९६९ च्याही नाही.

१३/
मग टक्केवारी आली कुठून? १९६७ मध्ये अमेरिकेतील एका दृक्-श्राव्य विषयक नियतकालिकात डी. जी. ट्रायकलर यांचा लेख आला. त्यात १०, २०, ३०, ५०, ७०, ९० ही मालिका आहे. ती कोणत्या प्रयोगातून मिळाली, याचा उल्लेख नाही. पुढे कोणीतरी हे आकडे डेल यांच्या शंकूला चिकटवले. थरांची नावे बदलली, शंकूचा त्रिकोण झाला. जवळपास असाच एक 'अध्ययनाचा पिरॅमिड' अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या नावाने फिरतो. त्याचेही मूळ संशोधन दाखवता आलेले नाही. बहिरंग परीक्षणाचा निष्कर्ष: चित्र एकाचे, आकडे दुसऱ्याचे आणि स्वाक्षरी अशा माणसाची, ज्याने ते आकडे लिहिलेच नाहीत. जुन्या कागदपत्रांत अशा दस्ताला आपण बनावट म्हणतो.

१४/
आता अंतरंग परीक्षण. सगळे आकडे दहाच्या पटीत कसे? माणसाच्या स्मरणाचे मोजमाप इतके गुळगुळीत येत नाही. दहा टक्के लक्षात राहते ते किती वेळाने: तासाने, की वर्षाने? वाचणारा सात वर्षांचा, की सत्तर? वाचले ते काय: आवडती कादंबरी, की करारनाम्यातला बारीक मजकूर? 'पाहिलेले' म्हणजे नकाशा, की माणसाचा चेहरा? शिवाय ही मालिका स्वतःच मोडते. चित्राखालची ओळ आपण वाचतो तेव्हा ते वाचन धरायचे की पाहणे? या कोष्टकाच्या एकाही रकान्याची व्याख्या होत नाही.

१५/
तरीही लोकांनी ते का स्वीकारले? कारण ते निवडीचे ओझे उतरवते. नवव्या भागातले प्रश्न प्रत्येक पाठाला नव्याने विचारावे लागतात. कोष्टक एकदाच उत्तर देते: चित्र पुस्तकाहून बरे, चलच्चित्र त्याहून बरे. विकणाऱ्याला ते हवे असते आणि घाईत खरेदी करणाऱ्यालाही. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या संशोधकाने माध्यमांच्या तुलनांचा आढावा घेऊन म्हटले, की माध्यम हे किराणा पोचवणाऱ्या ट्रकसारखे आहे. ट्रक बदलल्याने धान्य पौष्टिक होत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी याला हरकत घेतली: काही गोष्टी विशिष्ट माध्यमातूनच नीट दिसतात. वाद मोलाचा आहे. पण त्यात कोणत्याही बाजूला हे टक्के सिद्ध होत नाहीत.

१६/
भारतात काय घडत होते? १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय दृक्-श्राव्य शिक्षण संस्था स्थापन झाली आणि पुढे ती १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या एनसीईआरटीत विलीन झाली. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. प्रयोग भव्य होता आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु उपग्रहावरून येणारे चित्र मागच्या बाकावरच्या प्रश्नासाठी थांबत नाही. फिल्मपट्टीपाशी शिक्षकाला जे साधत होते, ते येथे साधण्यासारखे नव्हते.

१७/
याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक प्रयोग आपल्याच मातीत झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. महागडी आयात साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पाने, शिंपले, खडे यांतून शैक्षणिक साधने घडवली. ही गरिबीतली तडजोड म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. मुलाला काय ओळखीचे आहे आणि त्यावरून कुठवर न्यायचे आहे, याचा विचार करून केलेली ती निवड होती. डेल यांच्या शंकूतला तळचा थर त्यांनी वेगळ्या वाटेने गाठला होता.

१८/
चित्र चुकीचे निवडले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र दीर्घकाळ प्रचारात होते. ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. १९३३ मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र प्रकाशात आणले, तेव्हा ही चूक दूर झाली. तोवर किती जणांनी त्या दुसऱ्या चेहऱ्यापुढे हात जोडले असतील? मजकुरावर शंका घेण्याची सवय आपल्याला असते. चित्र डोळ्यांतून थेट आत जाते आणि शंकेला वेळच देत नाही. म्हणून चित्राची निवड शब्दाच्या निवडीहून अधिक कडक असावी लागते.

१९/
या बेवारस आकड्यांनी नेमके कोणाचे नुकसान केले? ज्या शाळेत एक शिक्षक, एक फळा आणि चाळीस पुस्तके आहेत, तिला हे कोष्टक सांगते की तुमच्या हाती १० आणि २० टक्क्यांची साधने आहेत. उत्तम गोष्ट सांगणाऱ्या बाईंना ते सांगते की तुमचे सांगणे वाया जाते. वाचनाची गोडी लागलेल्या मुलीला ते सांगते की तिचे वाचन सर्वांत खालच्या प्रतीचे. आणि ज्या शाळेत चकचकीत डिजिटल फळा बसला आहे, तिला ते निश्चिंत करते: पडदा उजळला म्हणजे शिकणे झाले. ही दोन्ही विधाने खोटी आहेत आणि दोन्हींना संशोधनाचा मुखवटा आहे.

२०/
फिल्मपट्टीच्या डब्या आज भंगारात गेल्या. त्या परत आणण्यात अर्थ नाही. तिच्यासोबत चालणारी शिस्त मात्र उचलता येते. चित्र आधी स्वतः पूर्ण पाहावे. ते कोणी, कधी काढले आणि त्याला ते दिसले होते का, हे विचारावे. या पाठातला कोणता प्रश्न ते पुढे नेते, ते ठरवावे. क्रम कोणी लावला, ते ओळखावे. आणि दाखवताना थांबावे. आपण इतिहासप्रेमीही रोज डझनावारी चित्रे, नकाशे, चित्रफिती पुढे पाठवतो. त्या क्षणी आपणच कोणाच्या तरी वर्गात कळ फिरवत असतो. हे पाच प्रश्न आपल्यालाही लागू आहेत.

२१/
एक विनंती. आपल्या घरात किंवा ओळखीत १९६० ते १९९० या काळात शिकवलेले शिक्षक असतील, तर त्यांना विचारा: शाळेत फिल्मपट्टी, स्लाइड किंवा तक्ते कोणते होते, ते कोणी निवडले आणि कोणते चित्र अजून आठवते? उत्तर गावाच्या व सालाच्या उल्लेखासह खाली लिहा. या विषयाची मौखिक साधने अशीच गोळा होतील. आणि तो टक्क्यांचा त्रिकोण पुन्हा समोर आला, तर पाठवणाऱ्याला नम्रपणे एवढेच विचारा: याचे मूळ कुठे आहे?

धागा समाप्त.
#इतिहास_धागा #शिक्षणाचा_इतिहास